हेलकावे मोजणारा गणिती

पुण्यात शिवाजीनगरला जायचे असेल तर रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ एवढे सांगितले की पुरते. पुण्यात सिमला कुठून आले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. इंग्रजांच्या काळात हवामान खात्याचा मुख्य कारभार सिमल्याहून चाले. १९२८ साली तो पुण्याला हलवला, नवी दगडी इमारत उभी राहिली आणि लोकांनी तिला जुन्याच गावाचे नाव दिले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजाचे काम पुण्यातच राहिले. दर वर्षी एप्रिलमध्ये पावसाचा जो पहिला अंदाज आपण वाचतो आणि त्यात ‘एल निनो’चे नाव दिसताच ज्या काळजीत पडतो, त्या सगळ्याच्या मुळाशी सिमल्यात वीस वर्षे काम केलेला एक माणूस आहे. त्याचे नाव सर गिल्बर्ट वॉकर.

वॉकर यांना पावसाचे कोडे सोडवायचे होते. ते त्यांना पुरते सुटले नाही. पण त्या खटपटीत त्यांच्या हाती जे लागले, त्याच्याशिवाय आज उष्णकटिबंधावरची हवा किती तापते आहे, हे कोणालाच नीट वाचता आले नसते.

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या लँकाशायर परगण्यातील रॉचडेल गावी झाला. वडील अभियंता होते. मुलाला लहानपणापासून यंत्रांचा आणि गणिताचा नाद. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिला आला. हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. बरोबर दहा वर्षांनी, १८९९ साली, आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथेच सीनियर रँग्लर झाले आणि महाराष्ट्राने त्यांना कायमचे ‘रँग्लर परांजपे’ करून टाकले.

परीक्षेच्या अतिश्रमांनी वॉकर यांची तब्येत मात्र ढासळली. काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे ते बर्फावरचे स्केटिंग शिकले आणि त्यात तरबेज झाले. केंब्रिजला परतल्यावर त्यांना नवा छंद जडला, तो बूमरँगचा. नदीकाठच्या हिरवळीवर ते ऑस्ट्रेलियातले हे वाकडे लाकूड फेकत आणि ते परत का येते याचे गणित मांडत. त्यावर त्यांनी रीतसर शोधनिबंध लिहिला आणि मित्रमंडळींत ‘बूमरँग वॉकर’ हे नाव पडले. बासरीची रचना, आकाशात पंख न हलवता तरंगणारे पक्षी, चेंडूंचे खेळ अशा कशातही त्यांना गणित दिसे. फक्त एका विषयाशी त्यांचा काही संबंध नव्हता, तो म्हणजे हवामानशास्त्र. आणि नेमके तेच काम त्यांच्याकडे चालून आले.

त्यामागे एक मोठी आपत्ती होती. १८९९ साली भारतात पाऊस फसला. राजस्थान-गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून आजही लोकांच्या बोलण्यात असलेला हा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ वरून ते नाव पडले. मुंबई इलाख्यालाही त्याची जबर झळ लागली. देशभर लाखो माणसे आणि जनावरे मेली. वाईट गोष्ट अशी, की त्या वर्षी हवामान खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता. खात्याचे प्रमुख सर जॉन इलियट यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे काही वर्षे हा अंदाज लोकांपर्यंत न पोचता सरकारी कागदांतच राहिला.

तोवर अंदाजाची रीत साधी होती. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा आडाखा बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा तो हिशेब. इलियट यांनी त्यात आणखी बऱ्याच गोष्टींची भर घातली. पण किती बर्फाला किती महत्त्व द्यायचे, याला पक्का आधार नव्हता. निवृत्त होताना इलियट यांनी आपल्या जागी हवामानतज्ज्ञ न शोधता गणिती शोधला. १९०४च्या आरंभी वॉकर भारताच्या वेधशाळांचे महासंचालक झाले. त्यांचे वय तेव्हा ३५ होते. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्यही झाले.

वॉकर यांनी आल्या आल्या एक गोष्ट ओळखली. वातावरण इतके गुंतागुंतीचे आहे, की त्याची समीकरणे मांडून पुढच्या वर्षीचा पाऊस काढणे त्या काळी अशक्य होते. मग उलट्या बाजूने जाऊ, असे त्यांनी ठरवले. जगभरच्या जुन्या नोंदी घ्यायच्या, एका ठिकाणचा हवेचा दाब आणि दुसऱ्या ठिकाणचा काही महिन्यांनंतरचा पाऊस बरोबरीने वरखाली होतात का, हे आकड्यांनी तपासायचे. या सांगडीला संख्याशास्त्रात सहसंबंध म्हणतात. आज संगणक हे काम क्षणात करतो. वॉकर यांच्याकडे होते भारतीय कारकून, कागद आणि लेखणी. वर्षानुवर्षे या माणसांनी हाताने बेरजा-गुणाकार केले. जगाच्या हवामानाचा नकाशा त्या टेबलांवर तयार होत होता.

याच सुमारास त्यांच्यापुढे एक प्रश्न आला, जो आज शंभर वर्षांनी पुन्हा आपल्यापुढे उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांपासून पुढे बरीच वर्षे भारतात पाऊस हात राखूनच पडत होता. लोक म्हणू लागले, की देशाचे हवामानच कायमचे बदलले. जंगले तोडली म्हणून पाऊस रुसला, असे सांगणारे बरेच होते. सरकारलाही काळजी होती, कारण पाऊस खरोखरच कायमचा आटत असेल तर शेतसारा, कालवे, धान्यसाठा सगळ्याचीच आखणी बदलावी लागणार होती.

वॉकर यांनी पावसाच्या नोंदी काढल्या आणि १९१० साली आपला निष्कर्ष छापला. हवामानात कायमचा बदल झाल्याचा पुरावा या नोंदींत नाही, असे त्यांनी सांगितले. वाईट वर्षांची रांग लागली होती हे खरे, पण मागच्या नोंदींतही अशा चांगल्या-वाईट वर्षांच्या रांगा होत्याच. तो कल नव्हता, हेलकावा होता.

दुष्काळात होरपळलेल्या माणसाला असे ऐकणे कठीण जाते. आपल्या डोळ्यांदेखत जे घडते तेच आपल्याला कायमचे वाटते. पण वॉकर यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. १९१७ साली देशात उदंड पाऊस झाला आणि पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, भीषण अवर्षण पडले. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली आणि अन्नावाचून खंगलेल्या शरीरांना तिने सहज गाठले. एका वर्षाच्या अंतराने एवढी उलथापालथ होत असेल, तर चार-दहा वर्षांच्या नोंदींवरून कायमचे काही बोलणे धोक्याचे, हा धडा त्यात होता.

वॉकर स्वतःच्या हत्यारालाही तितक्याच कठोरपणे तपासत. शेकडो ठिकाणांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर काही जोड्या निव्वळ योगायोगाने जुळणारच. एकाच नाण्याने सलग दहा वेळा छापा दाखवला तर नवल वाटते, पण हजारो लोक नाणी उडवत असतील तर कोणाला तरी दहा छापे पडायचेच. म्हणून जितक्या जोड्या तपासल्या, तितकी सिद्धतेची अट कडक करायला हवी, असा निकष त्यांनी १९१४ साली मांडला. सूर्यावरच्या डागांवरून पाऊस सांगणारे, हवामानात ठरावीक वर्षांची चक्रे शोधणारे त्या काळी पुष्कळ होते. वॉकर यांनी त्यांचे दावेही आकड्यांच्या चाळणीतून काढले.

त्यातून त्यांचे स्वतःचे सूत्र तयार झाले. हिमालयातले वसंताअखेरचे बर्फ, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, मॉरिशसचा दाब आणि झांजिबारचा पाऊस, या चार गोष्टींवरून भारतातल्या मोसमी पावसाचा अंदाज करायला त्यांनी सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतला वायुभारमापक नगर जिल्ह्यातल्या बाजरीबद्दल काही सांगू शकतो, ही कल्पना त्या काळी चमत्कारिक वाटली असेल. पण आकडे तसे सांगत होते.

आकड्यांपलीकडची माणसे ओळखण्याचीही त्यांना नजर होती. फेब्रुवारी १९१३ मध्ये ते कामानिमित्त मद्रासला गेले असता बंदर कचेरीतल्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. हे गणित आपल्या विषयाबाहेरचे आहे, हे त्यांनी मान्य केले. पण ते असामान्य आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून या तरुणाला काही वर्षे पोटाची चिंता न करता गणित करू द्यावे, अशी शिफारस केली. विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर यांच्याच कारकिर्दीत आग्र्याला वरच्या हवेची वेधशाळा उभी राहिली. जमिनीवरचे तापमान मोजून भागत नाही, कारण पाऊस वर घडतो. म्हणून हायड्रोजनच्या फुग्याला हलके यंत्र बांधून सोडत. फुगा उंच जाऊन फुटे आणि यंत्र कुठल्या तरी शेतात पडे. ते कोणाला सापडून परत आले तरच नोंद हाती लागे. याच नोंदींच्या आधारे पुढे हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली दाखवून दिले, की हवा थंड होत जाण्याचा थर विषुववृत्ताजवळ सुमारे १६-१७ किलोमीटर उंचीपर्यंत पोचतो आणि तिथली हवा ध्रुवांवरच्या त्याच उंचीवरील हवेपेक्षाही थंड असते. आपल्या डोक्यावरच्या हवेची उभी रचना प्रथमच नीट समजली.

वॉकर यांचा सगळ्यात मोठा शोध १९२३-२४ मध्ये छापला गेला. नोंदींच्या ढिगाऱ्यातून त्यांना एक प्रचंड तराजू दिसला. त्याचे एक पारडे पॅसिफिक महासागरावर, दुसरे हिंदी महासागर आणि इंडोनेशियावर. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला, की दुसऱ्या बाजूला तो उतरतो. काही वर्षांनी उलटे होते. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतले दाब उलटसुलट हलतात, हे आधीही काही जणांना दिसले होते. पण त्याचा पसारा जगभर मोजून, पावसाशी आणि तापमानाशी त्याचे नाते दाखवून वॉकर यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले.

१९२४ साली ते निवृत्त झाले. सरकारने ‘सर’ किताब दिला आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते हवामानशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३४ पर्यंत शिकवले, त्यानंतरही शोध चालू ठेवला. पण अपेक्षेप्रमाणे यश आले नाही. ज्या सहसंबंधांवर अंदाज उभा होता, त्यांतले काही वर्षे जातील तसे ढिले पडले. शिवाय टीकाकारांचा एक प्रश्न निरुत्तर करणारा होता. हा तराजू हलतो, पण त्याला हलवते कोण? वॉकर यांच्याकडे कारण नव्हते, फक्त आकडे होते. कारण समुद्रात असावे असे त्यांना वाटे, पण समुद्राच्या पुरेशा नोंदीच त्या काळी नव्हत्या. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात त्यांचे निधन झाले.

योग असा, की नेमक्या त्याच सुमारास उत्तर गोळा होत होते. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होते. जगभर जहाजांतून आणि वेधशाळांतून कधी नव्हे एवढी मोजमापे चालू होती आणि त्याच काळात पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो आला. पेरूच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर समुद्र तापला. त्या नोंदींवरून याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली कोडे उलगडले. नेहमी इंडोनेशियाजवळच्या कोमट समुद्रावरून हवा वर चढते, उंचावरून पूर्वेकडे जाते, पेरूजवळच्या थंड पाण्यावर खाली उतरते आणि व्यापारी वाऱ्यांबरोबर परत पश्चिमेला येते. समुद्र तापण्याची जागा पूर्वेकडे सरकली, की हे चक्र मंदावते आणि वॉकर यांचा तराजू कलतो. हा तराजू समुद्र आणि हवा मिळून हलवत होते. ब्यर्कनेस यांनी या चक्राला नाव दिले ‘वॉकर अभिसरण’. ते ऐकायला वॉकर उरले नव्हते.

आता तापमानाकडे येऊ. एल निनोच्या काळात तापलेल्या समुद्रावरून भरपूर वाफ उठते. ढगांत तिचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि हवा तापते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यावरचा परिणाम क्षीण असल्याने ही ऊब एका जागी अडून राहत नाही. काही महिन्यांत ती सगळ्या उष्णकटिबंधावर पसरते. ला निना आला, की उलटे. या चढउतारात तिथल्या खालच्या वातावरणाचे तापमान दोनेक वर्षांत अर्धा ते एक अंश सेल्सिअस इकडेतिकडे होते.

१९७८च्या अखेरीपासून उपग्रह या हवेचे तापमान मोजत आहेत. हवेतला प्राणवायू सूक्ष्मलहरी सोडतो, त्यांच्या तीव्रतेवरून तापमान काढतात. सुरुवातीच्या विश्लेषणांत तापमानवाढ फारच कमी दिसली आणि मोठा वाद झाला. मग लक्षात आले, की उपग्रहांच्या कक्षा हळूहळू खाली येतात आणि त्यांच्या फेरीची वेळही सरकते. १९९८ आणि २००५ मध्ये त्या चुका दुरुस्त झाल्या. आज वेगवेगळे गट तोच विदा घेऊन उष्णकटिबंधाच्या खालच्या वातावरणासाठी दर दशकाला साधारण ०.१ ते ०.२ अंश वाढ सांगतात. ही वाढ बऱ्याच संगणकीय प्रारूपांनी सांगितलेल्या वाढीपेक्षा कमी का, यावर अजून चर्चा आहे. पण आकडा चढा आहे, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. दोन वर्षांचा हेलकावा जवळजवळ एक अंश आणि दहा वर्षांचा चढ फार तर ०.२ अंश. १९९८च्या प्रबळ एल निनोपासून मोजायला सुरुवात करून २००८च्या ला निनाला थांबलो, तर जग थंड होतेय असे वाटेल. ला निनापासून निघून २०१६च्या एल निनोपर्यंत मोजले, तर आभाळ पेटल्यासारखे दिसेल. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच्या धुरळ्याने पुढच्या वर्षी जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. असे सगळे हेलकावे बाजूला काढले, तरच खालचा चढ दिसतो. ते काढण्यासाठी शास्त्रज्ञ जो निर्देशांक वापरतात, त्यात वॉकर यांचे दक्षिणी आंदोलन असतेच.

१९१० साली वॉकर यांनी नोंदींतले हेलकावे ओळखले, तेव्हा त्यांना खाली चढ सापडला नाही. आज तीच रीत वापरून उष्णकटिबंधाच्या हवेतले हेलकावे काढून टाकले, तर चढ उरतो. तेव्हा ‘बदल नाही’ म्हणणारी पद्धत आता ‘बदल आहे’ म्हणते, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

या चढाची किंमत शरीर मोजते. हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस पडला तर तो धोधो कोसळतो आणि नाही पडला तर दमट उकाड्यात घाम वाळत नाही. घाम वाळला नाही, की अंग थंड होण्याची वाट बंद होते. शेतात, बांधकामावर, पत्र्याच्या छपराखाली राबणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा उन्हाळा सुसह्य गेला आणि कोणी म्हणाले, की तापमानवाढ वगैरे काही नाही, किंवा एखादा मे महिना भाजून गेला आणि कोणी म्हणाले, की आता जग संपले, तर दोघांनाही एकच विचारावे. किती वर्षांच्या नोंदी पाहिल्या, आणि त्यातला हेलकावा वेगळा काढला का?